टेस्टिंग चालू आहे

दुकानात आलेल्या प्रत्येक वस्तूला अप्पा दोऱ्याने एक चिठ्ठी बांधायचे. चिठ्ठीवर गिऱ्हाइकाचं नाव आणि खाली बिघाड: 'आवाज येत नाही', 'मधेच बंद पडतो', 'जळका वास येतो'. काम झालं की त्याच चिठ्ठीवर निळ्या पेनाने 'तयार' असं लिहायचे. जे दुरुस्त होणार नाही असं त्यांना वाटे, त्याला ते चिठ्ठीच बांधत नसत. "हे होणार न्हाई, घेऊन जा," असं तोंडावर सांगून तिथल्या तिथे परत देत.

अप्पा म्हणजे माझे वडील. सातवीपर्यंत शिकले. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं त्यांचं दुकान तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत होतं. दुरुस्त झालेली वस्तू न्यायला कुणी आलंच नाही, तरी ती विकायची नाही आणि तिचे भागही काढायचे नाहीत, हा त्यांचा नियम होता. अशा वस्तू वरच्या फळीवर चिठ्ठीसकट बसून असायच्या.

त्या फळीवरून सुरू होणारी ही हकिगत मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. लिहितानाही संकोच वाटतो, कारण ती एका व्हिडिओ गेमची आहे. मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली. इलेक्ट्रॉनिक्समध्ये एमएस्सी करायला आयर्लंडला आले. घरातल्या पहिल्या माणसाने लिहावं ते काहीतरी मोठं असावं, असं मला उगाच वाटत राहतं. पण गेल्या दीड वर्षात माझ्याकडे लिहिण्यासारखं दुसरं काही घडलेलं नाही.

मी तिसरीत होते तेव्हा बोटीवर नोकरी करणाऱ्या एका माणसाने हातात धरून खेळायचं एक यंत्र दुकानात आणून दिलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'चार्ज होत नाही'. अप्पांनी ते उघडलं, चार्जिंगच्या जागी सुटलेला जोड पुन्हा सोल्डर केला आणि 'तयार' असं लिहिलं. पण खरोखर तयार आहे का हे बघायला ते चालवणं भाग होतं. आत एकच खेळ होता आणि तो सगळा जपानी भाषेत होता. चौकटींचा नकाशा, आणि त्यावर माणसासारखी दोन पायांवर उभी राहणारी प्रचंड लढाऊ यंत्रं. प्रत्येक यंत्राच्या आत एक चालक. आधी आपण आपली यंत्रं एकेक करून हलवायची, मग शत्रू त्याची हलवणार. घाई नाही. बुद्धिबळासारखंच, फक्त इथल्या मोहऱ्यांना गुडघे आणि खांदे होते.

बोटीवरचा माणूस न्यायला आला नाही, आणि अप्पांचं टेस्टिंग संपलं नाही.

"अजून चाललंय व्हय टेस्टिंग?" आई दुकानात चहा घेऊन आली की विचारायची.

"चालू हाय," अप्पा मान वर न करता म्हणायचे. "बॅटरी किती टिकती ते बघायला नको?"

"तीन वर्सं झाली बघताय."

"मजबूत हाय."

शाळा सुटली की मी थेट दुकानात जायची. एक गिऱ्हाईक, एक चाल, असा आमचा नियम होता. गिऱ्हाईक मिक्सरचं रडगाणं सांगत असायचं तेव्हा अप्पा मान हलवत असायचे, पण मला माहीत असायचं की ते डोक्यात नकाशा फिरवतायत. गिऱ्हाईक पायरी उतरलं की म्हणायचे, "निळ्याला झाडीत घाल." मग मी बटण दाबायची.

जपानी आम्हाला दोघांनाही येत नव्हतं. कुठल्या बटणाने काय होतं ते चुकून चुकून शिकलो. चूक झाली की एखादं यंत्र जळायचं आणि त्यातला चालक पुढच्या नकाशात दिसायचा नाही. म्हणून अप्पांनी टीव्हीच्या खोक्याचा एक पुठ्ठा घेतला, त्यावर पेनाने चौकटी आखल्या, आणि आम्ही प्रत्येक चाल आधी त्यावर करून बघू लागलो. दुकानातले जळालेले सुटे भाग हे मोहरे: कपॅसिटर म्हणजे आपली यंत्रं, रेझिस्टर म्हणजे शत्रू. अप्पा यंत्रांना 'गडी' म्हणायचे. सगळ्यात मोठा निळा कपॅसिटर हा निळा गडी, आपला म्होरक्या. एक पाय तुटलेला छोटा कपॅसिटर म्हणजे लंगडा. खेळातल्या त्या यंत्राची चाल कमी होती म्हणून.

लढाईच्या मधे मधे चालकांचे चेहरे येऊन काहीतरी बोलायचे. ते काय बोलतात हे अप्पा मला सांगायचे. "ही म्हणतीया, माझा भाऊ पलीकडच्या फौजेत हाय, त्याच्यावर गोळी घालू नका." मी जीव मुठीत धरून ऐकायची. अप्पा हे सगळं मनाने रचत होते हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

मी सातवीत असताना बोटीवरचा माणूस आला.

आम्ही तेव्हा शेवटच्या नकाशावर होतो. शेवटचाच असणार, कारण जगाच्या चित्रात एवढी एकच जागा उरली होती. आमची तिसरी पाळी चालू होती. तो माणूस पायरीवर उभा राहून म्हणाला, "माझं एक यंत्र दिलं होतं, फार वर्षं झाली. असेल का हो अजून?"

अप्पांनी ते बंद केलं. मऊ फडक्याने पुसलं. खिळ्याला अडकवून ठेवलेली चिठ्ठी पुन्हा त्याला बांधली आणि त्याच्या हातात दिलं. तो म्हणाला, "कमाल आहे, ठेवलंत तुम्ही." मी दुकानाच्या मागे जाऊन उभी राहिले.

संध्याकाळी कुलूप लावताना अप्पा म्हणाले, "त्याचं होतं. त्यानं नेलं." आम्ही घराच्या वळणापर्यंत आलो. मग ते म्हणाले, "पण शेवट बघायला पायजे होता." अप्पांनी स्वतःसाठी काही हवं म्हटल्याचं मला दुसरं आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठा वरच्या फळीवर होता. तिसऱ्या पाळीला कोण कुठे उभं होतं त्या जागांवर पेनाने खुणा केलेल्या, आणि कडेला भोक पाडून चिठ्ठी बांधलेली. नावाच्या जागी माझं नाव, आणि बिघाडाच्या जागी 'अर्धवट'.

*

डब्लिनच्या पश्चिमेला ल्यूकन म्हणून भाग आहे, तिथे मी एका मराठी डॉक्टरबाईंच्या घरात वरच्या मजल्यावरची लहान खोली भाड्याने घेऊन राहते. त्यांना मी ताई म्हणते. त्या मूळच्या नागपूरच्या. इथल्या सरकारी इस्पितळात काम करतात. त्यांचे यजमान लिक्सलिपला संगणकाच्या चिप्सच्या कारखान्यात आहेत. हे मी अप्पांना पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं.

"म्हणजे आयसी तिथं बनती," अप्पा म्हणाले. "आपण नुसती बदलतो."

आमचं फोनवरचं बोलणं असं दोन वाक्यांत संपायचं. दर रविवारी इथल्या दुपारी, म्हणजे तिकडे दिवेलागणीला, मी फोन करायची. जेवलीस का, थंडी हाय का, अभ्यास जमतोय का. मग दोन्हीकडून शांतता, आणि मागून आईचा आवाज, "द्या की इकडं." अप्पा फोनवर बोलणारे नाहीत. मीही तशीच. वर्गातली इतर मुलं त्यांच्या वडिलांशी नोकऱ्यांविषयी, कंपन्यांविषयी बोलायची. माझ्या अभ्यासाबद्दल अप्पांना काय सांगावं हे मला कळायचं नाही, आणि काही सांगितलं नाही तर आपण दूर गेलो असं त्यांना वाटेल, याची भीतीही वाटायची.

पहिल्याच नोव्हेंबरात एके दिवशी ब्लँचर्डस्टाउनहून बसने परत येत होते. वरच्या मजल्यावरच्या काचा वाफेने भरल्या होत्या. फोनवर सहज एक चित्र समोर आलं, आणि त्यातला एक वाकलेला निळा खांदा मी लगेच ओळखला. तोच खेळ. इतक्या वर्षांनी आताच्या हातातल्या यंत्रासाठी पुन्हा निघणार होता, आणि पहिल्यांदाच इंग्रजीत. खाली मोजक्या लोकांच्या प्रतिक्रिया होत्या. तो खेळ फारसा कुणाला माहीतच नाही. मी तीनदा वाचलं आणि माझा स्टॉप मागे गेला.

रविवारी अप्पांना सांगितलं.

"निळा गडी हाय का त्यात?"

"आहे."

"आन् लंगडा?"

"चित्रात नाही दिसला. असेल, अप्पा."

"मग शेवटबी असंल."

त्या दिवशी आम्ही पाऊण तास बोललो. एवढं आम्ही समोरासमोरही कधी बोललो नसू. खेळ वसंतात येणार असं लिहिलं होतं. मी म्हटलं, उन्हाळ्यात मी सुट्टीला येईन तेव्हा यंत्र घेऊनच येते, दुकानात बसून शेवटचा नकाशा खेळू. अप्पा म्हणाले, "ये. टेस्टिंग राहिलंय." तेव्हापासून प्रत्येक रविवारी आमच्याकडे बोलायला विषय होता. कंपनी एखादं नवं चित्र टाकायची, मी ते अप्पांना वर्णन करून सांगायची. मला ते फार बरं वाटायचं. एवढंच मला हवं होतं, बोलायला काहीतरी.

अप्पांना बरीच वर्षं साखरेचा त्रास आहे. डावा डोळा दोन वर्षांपूर्वीच जवळजवळ गेला होता, आणि ते आम्ही सगळ्यांनी जणू मान्य करून टाकलं होतं. "एका डोळ्यानं सोल्डर सरळ बसतंय," असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे. जानेवारीत एकदा व्हिडिओवर बोलताना त्यांनी एक रेझिस्टर कॅमेऱ्यासमोर धरला. त्याच्यावर रंगांच्या बारीक पट्ट्या असतात, त्यांवरून तो किती ओहमचा ते कळतं.

"ही दुसरी पट्टी तपकिरी का लाल?"

"लाल आहे."

"लालच वाटत होती," ते म्हणाले.

पस्तीस वर्षं त्या पट्ट्या वाचणारा माणूस मला रंग विचारत होता. मी ती दुकानातल्या दिव्याची चूक समजले आणि पुन्हा खेळाविषयी बोलू लागले.

मार्चमध्ये कंपनीचा ईमेल आला. खेळ आणखी चांगला व्हावा म्हणून उन्हाळ्यापर्यंत पुढे ढकलतोय, दिलगीर आहोत. मी अप्पांना सांगितलं. "होऊ दे," ते म्हणाले. "घाईनं सोल्डर केलं की सुटतंय." जूनमध्ये पुन्हा ईमेल आला. या वेळी ऑक्टोबर. माझं सुट्टीला जाणंही तेव्हाच रद्द झालं, कारण प्रबंध सप्टेंबरात द्यायचा होता. दोन्ही गोष्टी मी एकाच दमात सांगून टाकल्या.

अप्पांनी विचारलं, "ऑक्टोबर नक्की का?"

"नक्की म्हणतायत."

"बरं. तोवर थांबतो."

ते 'थांबतो' मला गोड वाटलं. आठवडाभर मी त्याच आनंदात होते. शनिवारी ब्लँचर्डस्टाउनच्या एका दुकानातून जुनं, वापरलेलं यंत्र घेतलं आणि खेळाची आगाऊ नोंदणी केली. काउंटरवरच्या माणसाने नाव वाचलं आणि म्हणाला, "हा खेळ मागणारी तू दुसरी."

"पहिला कोण?"

"मी," तो म्हणाला.

हेही मी अप्पांना सांगितलं. ते हसले.

*

ऑगस्टच्या अखेरीस आईने व्हॉट्सॲपवर एका कागदाचा फोटो पाठवला. 'काय लिहिलंय बघ. हे सांगत नाहीत.' आईला इंग्रजी येत नाही. इंग्रजी मला येतं, पण डोळ्याच्या दवाखान्याचा कागद मलाही वाचता येत नव्हता. ताई स्वयंपाकघरात प्रेसमध्ये कप लावत होत्या. कपाटाला इथे प्रेस म्हणतात, आणि घरात आम्हीही तेच म्हणू लागलोय. मी फोन त्यांच्यासमोर धरला.

त्यांनी चष्मा डोक्यावर सरकवला आणि फोटो मोठा केला. "हा कागद कधीचा आहे?"

"आईने कालच पाठवला."

"पाठवला काल. पण यावर फेब्रुवारी आहे." त्यांनी कप खाली ठेवला. "अगं, उजव्या डोळ्याचा पडदा ओढला जाऊन राहिला आहे. लगेच ऑपरेशन करा असं लिहिलंय. मतलब, त्याच आठवड्यात. केलं ना?"

ताईंना प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'ग्रँड', म्हणजे सगळं छान, असं म्हणायची सवय आहे, इथे सगळेच म्हणतात. त्या दिवशी त्या तसं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "फोन लाव. आत्ता."

आईने फोन उचलला. अप्पा दुकानात होते.

"ऑपरेशन सांगितलं होतं का, आई? फेब्रुवारीत?"

"सांगितलं होतं की. हे म्हनले, डॉक्टर म्हणत्यात पंधरा दिवस पालथं पडून राहायचं. मग दोन-तीन महिने समदं धूसर. आन् आलं तर आलं, न्हाईतर हाय तेबी जाईल. तर आता हाय तेवढ्यात पोरीचा खेळ बघून घेतो, मग झोपतो पालथा."

"आणि तू ऐकलंस?"

"मला काय म्हाईत बाई. तू दर रविवारी त्याचंच बोलायचीस. उन्हाळ्यात येणार, मग ऑक्टोबरात येणार. मला वाटलं, तुझ्या कॉलेजचं काम हाय ते. परीक्षेचं. अप्पांनी बघून दिल्याबिगर तुझं अडंल."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. आई पलीकडून "आगं, हायस का?" असं विचारत राहिली.

नोव्हेंबरपासून मी तारखा सांगत होते, आणि अप्पा त्या तारखा आपल्या डोळ्याला लावत होते. पुढे मी पुष्कळ विचार केला. फक्त खेळासाठी कुणी असं करत नाही. ऑपरेशनची त्यांना भीती वाटत असणार. आहे तेही जाईल, हे डॉक्टरांचं वाक्य त्यांच्या मनात बसलं असणार. पण नुसती भीती असती तर आईने त्यांना ओढून नेलं असतं. त्या भीतीला पुढे ढकलायला एक कारण लागत होतं, आणि ते मी दर रविवारी नवं करून देत होते. मला दुसरं काही बोलता आलं असतं, तर कदाचित हे झालं नसतं.

तासाभराने अप्पांशी बोलले. "उद्या जा, अप्पा."

"ऑक्टोबर लांब न्हाई आता."

"खेळ राहू दे. उद्या जा."

"तूच म्हणलीस की..." एवढंच ते म्हणाले. वाक्य पुरं केलं नाही. मग म्हणाले, "जातो."

ऑपरेशन चार दिवसांत झालं. मी गेले नाही. प्रबंधाची तारीख होती, अप्पांनी येऊ नको म्हटलं, आणि मी ते ऐकलं. हेही लिहायला हवं. ते पंधरा दिवस पालथे पडून राहिले, आणि आईने फोन उशीखाली धरला की त्यांचा आवाज जमिनीतून आल्यासारखा यायचा. "फरशी बघतोय," ते म्हणायचे. "दिसत न्हाई, पर बघतोय."

ऑक्टोबरच्या सुरुवातीला ताई मला गाडीतून किराणा आणायला घेऊन जात होत्या. अप्पांचे नवे कागद मी त्यांना आदल्या दिवशी दाखवले होते. ताईंनी लिफी नदीवरचा पूल ओलांडला. मग म्हणाल्या, "पडदा बसवलाय त्यांनी नीट. पण मधला भाग फार दिवस सुटलेला होता ना. तो परत येत नाही गं."

"काहीच नाही?"

"उजेड-अंधार कळेल. तेवढं टिकवायचं आता."

पाऊस चालू होता आणि वायपर एका बाजूला कुरकुरत होता. तो बदलायला हवा, असं ताई म्हणाल्या. मी हो म्हटलं.

*

खेळ ठरल्याप्रमाणे आला. या वेळी त्यांनी तारीख पाळली. मी पाकीट न उघडता प्रेसमध्ये तांदळाच्या डब्यामागे ठेवून दिलं.

तीन रविवार अप्पांनी काही विचारलं नाही. चौथ्या रविवारी विचारलं, "आला का खेळ?"

"आला."

"टेस्टिंग केलंस?"

"नाही, अप्पा."

"का?"

दुकान तर बंद झालं, असं मी पुटपुटले. ते म्हणाले, "दुकान बंद केलं म्हणून काय झालं. पुठ्ठा हाय माझ्याजवळ."

आईने पुठ्ठा खाली काढला होता. आपल्या बोटांना रेघा लागाव्यात म्हणून अप्पांनी तिच्याकडून प्रत्येक रेघेवर दोरा चिकटवून घेतला होता. चिठ्ठ्या बांधायचा तोच दोरा. कपॅसिटर त्यांना हाताने ओळखू यायचे. मी इथे पहिल्या नकाशापासून खेळ सुरू केला. कोण कुठे आहे ते मी सांगायची, "डावीकडून चौथं घर, वरून दुसरं," अप्पा तिकडे पुठ्ठ्यावर मांडायचे, विचार करायचे आणि चाल सांगायचे. आता मधे गिऱ्हाइकं नव्हती. तरी ते तेवढाच वेळ घ्यायचे.

चालकांचं बोलणं या वेळी इंग्रजीत होतं. मी ते मराठीत करून सांगायची. जिचा भाऊ पलीकडच्या फौजेत होता, तिला खरं तर भाऊच नव्हता. त्या जागी ती फक्त इंधन कमी पडल्याचं सांगत होती.

"इंधन?" अप्पा म्हणाले.

"हो."

"माझंच बरं होतं."

आम्ही दोघंही हसलो. तेवढं एकदाच.

डिसेंबरात लंगडा गेला. अप्पांनी सांगितली ती चाल मी केली, आणि शत्रूच्या पाळीत तो जळाला. मी गप्प बसले. त्यांना कळलं.

"गेला?"

"हो."

"माझ्या बोटानं एक घर चुकलं." खडखड आवाज आला, कपॅसिटर डब्यात टाकल्याचा.

"परत सुरू करू या, अप्पा. मागच्या पाळीपासून करता येतं."

"नको. गेला त्यो गेला."

त्या रविवारी त्यांनी फोन लवकर आईकडे दिला. त्यानंतर ते प्रत्येक घर दोनदा मोजायला लागले, मोठ्याने. मी इकडे खिडकीशी बसून ऐकायची. चार वाजताच अंधारून यायचं. समोरच्या घरांत दिवे लागायचे आणि अप्पा मोजत असायचे, एक, दोन, तीन, परत एक, दोन, तीन.

गेल्या महिन्यात आम्ही शेवटच्या नकाशावर पोचलो. दोन पाळ्या तेव्हाच्याच चालींनी झाल्या. तिसऱ्या पाळीला मी जागा सांगू लागले, तर अप्पा माझ्या आधीच बोलले. निळा गडी नदीच्या वळणावर, शत्रूचे तिघे पुलापलीकडे. पुठ्ठ्यावर पेनाच्या खुणा होत्या, पण त्या त्यांना दिसत नव्हत्या. त्यांना सगळं पाठ होतं. फक्त लंगडा तेव्हा होता, आता नव्हता.

"हां," अप्पा म्हणाले. "इथंच आलतं ते माणूस."

"हो."

"आता थांब. इथनं पुढं डोळ्यानं बघायचं. ठेव तसंच."

मी हातातलं यंत्र धरून बसले होते. "अप्पा..."

"उजेड दिसतोय मला. कालच्यापरीस आज बरा हाय."

ताईंनी गाडीत सांगितलेलं मला माहीत होतं. आयुष्यभर अप्पांनी माणसांना तोंडावर सांगितलं, हे होणार नाही, घेऊन जा. ते सांगणं किती अवघड असतं हे मला तेव्हा कळलं. मी ते सांगितलं नाही. त्यांनाही माहीत असावं, असं मला वाटतं. मी विचारलेलं नाही.

"बरं, अप्पा. ठेवते."

"चिठ्ठी बांधलीस का?"

"बांधते."

मी यंत्र बंद केलं. टेबलावर दोरा नव्हता, म्हणून ताईंच्या शिवणाच्या डब्यातून घेतला. कागदाचा तुकडा कापला, भोक पाडलं. फोन चालूच होता. अप्पा पलीकडे वाट बघत होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"काय लिहिलंस?"

"अर्धवट."

"आन् नाव कुणाचं?"

"तुमचं."

अप्पा "बरं" म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.